पाकीट कोणी फाडलं?

गेल्या पौषात, थंडी जरा धरून होती तेव्हा, चौलच्या घरी पोपटी लावायचा बेत ठरला. रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं भरत जायचं, तोंडाला पुन्हा पाल्याचा बोळा लावायचा, मडकं जमिनीवर उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवून द्यायचा. आत काय चाललं आहे ते कोणालाच दिसत नाही. वासावरून अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर कच्च्या शेंगा निमूटपणे खायच्या.

पुण्याहून पुतण्या खास त्यासाठी आला होता. त्याचं काम नेटवर्कचं, म्हणजे ठिकठिकाणचे संगणक एकमेकांशी नीट बोलत राहतील हे पाहण्याचं. पण तो मडक्यापाशी फिरकलाच नाही. ओटीवरच्या झोपाळ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि ‘काका, पंधराच मिनिटं’ असं दोन तास सांगत होता. एका लहानशा सहकारी बँकेच्या शाखांचं काम त्याच्या कंपनीकडे होतं. त्यांतल्या एका शाखेचं एटीएम सकाळपासून बंद. महिन्याचा पहिला आठवडा, पेन्शनचे दिवस. काउंटरचं काम व्यवस्थित चालू, फक्त एटीएमचा निरोप मुख्य कचेरीतल्या यंत्रापर्यंत पोचत नव्हता.

फोनवर पलीकडे कोणी तालुक्याच्या गावचा मुलगा होता. शाखेतल्या वायरी आणि पेट्या सांभाळणारा. पुतण्याचा आवाज चढला होता. ‘तुझ्याकडून टॅगच येत नाहीये. माझ्याकडे रेकॉर्ड आहे. मी रिपोर्टमध्ये तसं लिहितोय.’ पलीकडचा मुलगा रडवेला होऊन एकच वाक्य म्हणत होता, ‘सर, मी टॅग लावूनच पाठवतोय.’

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. ते वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. शब्द वेगळे होते, सूर हाच. म्हणून मी झोपाळ्याशेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘मला सांग बघू, तुझा टॅग म्हणजे काय आणि तो तू पाहिलास कुठे?’

त्याने सांगितलं ते मला समजलं तेवढं, माझ्या शब्दांत सांगतो. या विषयातला मूळ शब्दच आपल्या ओळखीचा निघतो. संगणक एकमेकांना मजकूर पाठवतात तो सलग पाठवत नाहीत, तुकडे करून पाठवतात, आणि त्या तुकड्याला म्हणतात पॅकेट. म्हणजे आपलं पाकीट! नेहमीच्या वायरीवर एका पाकिटात पंधराशे बाइट, म्हणजे साधारण पंधराशे इंग्रजी अक्षरांएवढा मजकूर मावतो. वर आधी पोचायचा पत्ता सहा बाइट, मग पाठवणाराचा पत्ता सहा बाइट, मग आत कोणत्या प्रकारचा मजकूर आहे ते सांगणारे दोन, आणि शेवटी वाटेत काही बिघडलं नाही ना हे तपासायला चार बाइटांची एक बेरीज. टपालखात्याला यात नवं वाटावं असं काही नाही.

आता एका शाखेत काउंटरचे संगणक असतात, एटीएम असतं, कॅमेरे असतात. या तिघांनी एकमेकांचं बोलणं ऐकू नये ही बँकेची गरज. पूर्वी त्यासाठी तीन वेगळ्या वायरी टाकाव्या लागत. आमच्याकडच्या सुपारीच्या वाड्यांत एका रहाटाचं पाणी पाटाने जातं आणि पाळीपाळीने बांध फोडून ज्या त्या आळ्यात वळवतात. पण पाण्याला चिठ्ठी लावता येत नाही, म्हणून पाळी लागते. पाकिटाला चिठ्ठी लावता येते. दोन्ही पत्त्यांच्या लगेच पुढे चार बाइटांची एक चिठ्ठी घुसवायची. तिच्यावर एक ठरलेली खूण, थोडा मान-प्राधान्याचा उल्लेख आणि एक क्रमांक. काउंटरचा क्रमांक दहा, कॅमेऱ्यांचा वीस, एटीएमचा तीस. मग तिन्हींची पाकिटं एकाच वायरीतून जाऊ देत, पलीकडचं यंत्र क्रमांक पाहून ती वेगळी करील. याला व्हीलॅन म्हणतात, म्हणजे असल्यासारखं, पण प्रत्यक्षात वेगळं नसलेलं जाळं. ८०२.१क्यू या नावाचा त्याचा जागतिक नियम १९९८ साली ठरला. क्रमांकाला बारा खणांची जागा आहे, त्यात ४०९६ आकडे बसतात, पहिला आणि शेवटचा राखून ठेवला की उरतात ४०९४.

चिठ्ठी पाहून वाट द्यायची ही कल्पना आमच्या किनाऱ्याला काही नवी नाही. पोर्तुगीज आपल्या परवान्याशिवाय जहाजांना या समुद्रात फिरू देत नसत, आणि पुढे कान्होजी आंग्र्यांचं दस्तक ज्याच्याजवळ नाही ते गलबत अडवलं जाई. तेव्हाचे खलाशी दस्तक जिवापाड जपत असणार. पुतण्याच्या तक्रारीचं रूप नेमकं हेच होतं: एटीएमची गलबतं बंदरात येताहेत, पण बिनदस्तकाची.

‘आणि हे तू पाहिलंस कसं?’ मी विचारलं.

इथे कर्नेल आला. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे लष्करातले मिशावाले कर्नलसाहेब आले होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ गर, आणि नारळाच्या बाबतीत खोबरं. संगणकाच्या मुख्य प्रणालीचा अगदी आतला भाग, जो यंत्राच्या प्रत्येक अवयवाशी थेट बोलतो, तो कर्नेल. आपण ज्या भागाला आज्ञा देतो त्याला युनिक्सवाले म्हणतात शेल, म्हणजे करवंटी. हे नाव देणाऱ्याने नारळ कितपत सोलले होते कोण जाणे, पण चौलच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्हीआम्ही वापरतो ते सगळे प्रोग्रॅम खोबऱ्याच्या बाहेर असतात. वायरीवरून आलेलं पाकीट आधी नेटवर्क कार्डाकडे, तिथून कर्नेलकडे, आणि कर्नेलने दिलं तरच बाहेरच्या प्रोग्रॅमकडे.

वायरीवरून काय जातंय ते पाहायचं असेल तर कर्नेललाच विनंती करावी लागते की, बाबा रे, येणाऱ्या-जाणाऱ्या पाकिटांची एकेक प्रत मला दे. ही विनंती वाटेल त्याची मान्य होत नाही, त्याला खास अधिकार लागतो; आणि आजकाल आतला मजकूर बहुधा कुलूपबंद असतो, त्यामुळे प्रत मिळाली तरी तुमचा एटीएमचा पिन कोणाला वाचता येत नाही. दिसतं ते वरचं. कोणाकडून कोणाकडे, केव्हा, किती. हे पाहण्याचं जुनं आणि अजून वापरात असलेलं साधन म्हणजे टीसीपीडम्प. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास ते लिहिलं गेलं. अडचण अशी होती की पाकिटं सेकंदाला हजारोंनी येतात, आणि प्रत्येकाची प्रत बाहेर आणून मग नको ती फेकायची तर यंत्राचा दम निघतो. तिथल्याच स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन या दोघांनी १९९२ साली तोड काढली. बाहेरच्या माणसाने आपली अट सांगायची, ‘मला फक्त अमुक क्रमांकाची पाकिटं हवीत’, आणि त्या अटीची लहानशी चाळणी कर्नेलच्या आतच बसवायची. चाळणीतून उतरेल त्याचीच प्रत बाहेर. ही चाळणी, म्हणजे बर्कली पॅकेट फिल्टर, अजून जगभर चालू आहे.

पुतण्याने चाळणीला सांगितलं होतं, तीस क्रमांकाची चिठ्ठी असलेली पाकिटं दे. तासाभरात आलेली पाकिटं: शून्य. मग त्याने चाळणी काढली आणि कंपनीचं स्वतःचं एक जुनं साधन लावलं. त्यात एटीएमची पाकिटं ढिगाने दिसली, पण एकावरही चिठ्ठी नाही. दोन वेगवेगळ्या साक्षी, दोन्ही एकच सांगणाऱ्या. कोर्टात आणखी काय लागतं?

मी म्हटलं, ‘तू पाकीट पाहिलंस की पत्र?’

त्याला प्रश्न कळला नाही. साहजिकच होतं, कारण मी १९९३ सालाबद्दल बोलत होतो.

तेव्हा मी घाटावरच्या एका शाखेत अकाउंटंट होतो. एका खातेदाराने दिलेल्या चेकचे पैसे थांबवा असं पत्र पोस्टाने पाठवलं, आणि आम्ही अकरा तारखेला चेक वटवून मोकळे झालो. खातेदार संतापून आला. त्याचं म्हणणं, पत्र मी आठ तारखेला टाकलं. माझ्या हातात पत्र होतं, त्यावर आमचा आवक शिक्का बारा तारखेचा. पाकीट असतं तर पोस्टाचे शिक्के पाहता आले असते, पण पाकीट फाडून टाकायची तेव्हाची रीत. टपाल घेणारा कारकून पाकीट फोडायचा, पत्रावर शिक्का मारायचा, आवक नोंदवहीत चढवायचा आणि पाकीट टोपलीत. मी हिशेब केला: आठला टाकलेलं पत्र फार तर दहाला आलं असणार, याने दोन दिवस टेबलात ठेवलं. तसा खुलासा मागवला. तो म्हणाला, ‘साहेब, मी आलं त्याच दिवशी नोंदवलं.’ मी शिक्क्याकडे बोट दाखवलं. वरच्या कचेरीला अहवाल गेला, त्याला मेमो मिळाला आणि वार्षिक वाढ अडकली.

तीन महिन्यांनी तपासनीस आले. त्यांनी माझं पत्र बाजूला सारलं आणि पहिल्यांदा आवक नोंदवही मागितली. त्या ओळीपुढे शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात त्याने लिहिलेलं होतं: टपाल अकरा तारखेस सायंकाळी पाच वाजता मिळाले, पोस्टाचा शिक्का अकरा. कामकाज संपल्यावर आलेलं पत्र, म्हणून शिक्का दुसऱ्या दिवसाचा. फाडलेल्या पाकिटावरची सगळी माहिती त्या वहीत होती. मी ती वही उघडलीच नव्हती, कारण पत्र माझ्या हातात होतं आणि हातात असलेल्या कागदावर माझा फार विश्वास.

त्याची वाढ नंतर मिळाली. मेमो मागे घेण्याच्या तीन ओळींवर मी सही केली. त्याच्याशी मात्र एक शब्द बोललो नाही. तो रोज समोरच बसत होता.

एवढं सांगेपर्यंत मडकं उघडलं होतं आणि आमच्या हिने तिसरी हाक मारली होती. पोपटी झकास झाली होती. पुतण्याने शेंगा सोलता सोलता मध्येच विचारलं, ‘काका, पण माझ्या केसमध्ये पाकीट फाडणार कोण? मधे कोणी माणूसच नाही.’

रात्री अकराच्या सुमारास त्यालाच उत्तर सापडलं. माझ्या गोष्टीला मी त्याचं श्रेय देत नाही. त्याने दुसरं, नवं साधन लावलं आणि त्यात एटीएमच्या प्रत्येक पाकिटावर तीस क्रमांक ठळक दिसला. तीच वायर, तीच पाकिटं. मुलगा खरं बोलत होता.

पाकीट फाडत होतं पुतण्याच्याच यंत्रातलं नेटवर्क कार्ड. गेल्या काही वर्षांतली बहुतेक कार्डं हे काम करतात. पाकीट आलं की चार बाइटांची चिठ्ठी काढून घेतात, तिच्यावरचा क्रमांक बाजूच्या एका टिपणात लिहितात आणि बिनचिठ्ठीचं पाकीट कर्नेलच्या हवाली करतात. मुख्य प्रोसेसरचं तेवढं काम वाचतं. काही कार्डं काढत आणि काही काढत नसत, त्यामुळे आत दोन प्रकारची पाकिटं फिरत आणि घोटाळे होत. म्हणून २०११ साली लिनक्सच्या कर्नेलमध्ये असं ठरलं की कार्डाने चिठ्ठी काढली नसेल तर कर्नेलनेच दारात ती काढावी आणि क्रमांक त्याच टिपणात लिहावा. म्हणजे सर्वांना एकच रीत. कोणत्याही चांगल्या मॅनेजरने हाच निर्णय घेतला असता. आवक टेबल एकच असावं!

पण पाकिटांच्या प्रती घेणारा पाहारेकरी बसतो या टेबलाच्या आतल्या बाजूला. त्याच्यापर्यंत येतं ते पाकीट आधीच सुटं झालेलं. टीसीपीडम्पसारखी साधनं हे ओळखून आहेत. ती कर्नेलकडून टिपणही मागून घेतात आणि दोन पत्त्यांच्या पुढे चार बाइटांची जागा करून चिठ्ठी पुन्हा जशीच्या तशी डकवतात. पाहणाऱ्याला वाटतं, पाकीट असंच आलं. कंपनीचं जुनं साधन टिपण मागायचंच नाही, म्हणून त्याला चिठ्ठी कधी दिसलीच नव्हती.

चाळणीची गंमत आणखी निराळी. डकवण्याचं काम होतं बाहेर, चाळणी बसते आत. म्हणजे चाळणी चिठ्ठी शोधत होती पाकिटावर, ठरलेल्या जागी, आणि त्या क्षणी चिठ्ठी तिथे नव्हती, टिपणात होती. म्हणून शून्य. हा दोष जाणकारांच्या लक्षात आल्यावर २०१२ साली कर्नेलमधल्या चाळणीला टिपणात डोकावायची सोय दिली गेली. पण ती सोय वापरायची तर बाहेरचं साधनही तेवढं नवं हवं, आणि जुनी साधनं कचेऱ्यांमध्ये किती वर्षं टिकतात हे मी सांगायला नको. आमच्या शाखेत एक लेजर पोस्टिंग मशीन ती खोली रंगवायला काढेपर्यंत होतं.

मग एटीएम बंद का होतं? आदल्या रात्री मुख्य कचेरीतलं यंत्र काही दुरुस्तीसाठी बंद करून पुन्हा चालू केलं होतं. दहा आणि वीस क्रमांकाची टेबलं आपोआप मांडली गेली. तीस क्रमांकाचं टेबल कोणी तरी कधी तरी हाताने मांडलेलं, त्याची कायमची नोंद केलेली नव्हती. ते उठलं ते उठलंच. एटीएमची पाकिटं दिवसभर योग्य चिठ्ठीसह येत होती आणि घेणारं टेबल नाही म्हणून कर्नेल ती मुकाट टाकून देत होता. पाहारेकऱ्याला मात्र प्रत मिळत होती, कारण त्याची जागा त्या टेबलाच्या आधी. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली.

अशी फसगत चिठ्ठीपुरतीच नाही, असं तो म्हणाला. बाहेर जाणाऱ्या पाकिटांची प्रत काढली तर तपासणीची बेरीज चुकीची दिसते आणि नवखे घाबरतात. बेरीज प्रत्यक्षात कार्ड करतं, अगदी वायरीवर घालताना, प्रत त्याआधीची. हे मला लगेच पटलं, कारण आमच्या फायलीतल्या ऑफिस कॉपीवरही साहेबांची सही कधी नसायची. तसंच पंधराशेची मर्यादा असताना प्रतीत वीस-वीस हजारांची पाकिटं दिसतात. ते गठ्ठे असतात. येणारी कर्नेलने सोयीसाठी एकत्र बांधलेली, जाणारी अजून सुटी न केलेली. वायरीवर तसं काहीच नसतं.

यंत्राने दिलेला कागद हातात असला की माणसाचं म्हणणं ऐकायला कोणी तयार नसतं. ब्रिटनमध्ये टपाल कचेऱ्यांच्या होरायझन नावाच्या हिशेबप्रणालीने तूट दाखवली म्हणून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, आणि २०२४ साली शेकडो शिक्षा रद्द करायला संसदेला कायदा करावा लागला. तिथला दोष वेगळ्या जातीचा होता, पण बातम्या वाचताना मला माझा तो बारा तारखेचा शिक्का आठवत राहिला. १९९९ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेचं ‘इन्फिनेट’ जाळं सुरू झालं आणि पुढे आमच्याही गच्चीवर तबकडी बसली, तेव्हा आम्हांला शिकवलं होतं की पडद्यावर दिसेल ते प्रमाण. पडद्याआधी कोण कोण बसलेलं असतं हे शिकवायला कोणी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फिरायला येतो म्हणाला. वाटेत बोलणं चौलवर गेलं. टॉलेमीच्या भूगोलात हे बंदर आहे, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी इथे येऊन गेला, पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथे उतरला. सिमुल्ला, सैमूर, चिविल अशी ज्याने त्याने आपल्या उच्चाराने नावं लिहिली. बंदर गेलं, गाळ राहिला, त्या काळची आमची स्वतःची आवक नोंदवही काही उरलेली नाही. इथे काय आलं-गेलं ते शोधायला परक्यांच्या वह्या उघडाव्या लागतात. पुतण्या ऐकत होता की नाही, माहीत नाही. किल्ल्याच्या तटापाशी तो थांबला, फोन काढला आणि त्या मुलाला लावला.

मी चार पावलं पुढे गेलो. तरी ऐकू आलंच. ‘टॅग येत होता. माझ्याच मशीनने काढला होता. कालचा रिपोर्ट मी मागे घेतलाय आणि तुझ्या साहेबांनाही तसं कळवलंय.’ मग बराच वेळ तो नुसता ‘हो’, ‘हो’ म्हणत होता. पलीकडचा मुलगा बहुधा कालपासूनचं साठलेलं सगळं बोलून घेत असावा. पुतण्याने त्याला थांबवलं नाही.

माझा तो कारकून निवृत्त होऊन पंधराएक वर्षं झाली असतील. त्याचं गाव मला माहीत आहे.

घरी परतलो तर आमची ही ओटीवरचं कपाट आवरत होती. त्याच्या खालच्या कप्प्यात १९९३ पासून आलेली सगळी फोडलेली पाकिटं मी तारीखवार गठ्ठे बांधून ठेवलेली आहेत. निसर्ग वादळात, २०२० साली, कौलं उडाली तेव्हा धान्याआधी मी ती माजघरात हलवली होती, हे ती अजून सांगते. ‘यांतली लग्नपत्रिकांची तरी टाकू का?’ तिने विचारलं. पुतण्या माझ्याआधी म्हणाला, ‘नको काकू, राहू देत.’